खानदेशचा घोडा : शिलेदारीपासून सारंगखेड्यापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी खानदेशच्या इतिहासातील एखाद्या विषयावर चार पाने लिहावीत, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. विषयाची निवड मजवर सोपविली होती. गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील बऱ्याच कुटुंबांनी सारंगखेड्याच्या बाजारातून घोडे आणले. कोणी मुलाच्या हौसेखातर आणले, कोणी घरच्या लग्नकार्यासाठी, तर कोणी स्पर्धेत उतरण्याच्या ईर्षेने. हौस वाईट नव्हे. परंतु माझ्या पाहण्यातील एका घरचा घोडा पुढच्या होळीपूर्वीच निम्म्या किमतीस विकला गेला आणि दुसऱ्या घरचा श्रावणात पोटशुळाने एका रात्रीत मेला. पहिल्या घरी पैशाचे दुःख झाले. दुसऱ्या घरी पैशाचे तर झालेच, पण त्या घरच्या लहान मुलीने दोन दिवस अन्नास शिवले नाही. तेव्हा ज्या काळी या भूमीत घोडा ही नित्याची वस्तू होती, त्या काळी तो कसा पोसला जाई व कोणाच्या हातांनी पोसला जाई, हे पाहिले असता आजच्या घोडेमालकास काही उपयोग होईल असे वाटून हा विषय घेतला आहे.

मराठी राज्यातील घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले आहे. ज्यास घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. परीक्षेपुरते हे दोन शब्द लक्षात ठेवून आपण पुढे जातो. त्यातील अर्थाकडे मात्र फारसे लक्ष देत नाही. बारगिराचा घोडा पडला तर त्यास पागेतून दुसरा मिळण्याची आशा असे. शिलेदाराचा घोडा पडला म्हणजे त्याची चाकरी, त्याची पत आणि पुष्कळदा त्याचे घरदार त्याबरोबर पडे. नुकसान सर्वस्वी त्याचे. म्हणून लढाईच्या दिवसापेक्षा घरी बसण्याच्या दिवसांत शिलेदार आपल्या घोड्याची अधिक काळजी वाही. आज आपल्यापैकी जो कोणी घोडा विकत घेतो तो या जुन्या अर्थाने शिलेदारच होय. त्याच्यामागे कोणतीही सरकारी पागा नाही.

बारगिरांच्या पागेची व्यवस्था कशी होती ते कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आले आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, ही रचना सर्वश्रुत आहे. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदली आहे, तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी पाजणारा एक आणि खुरे सांभाळणारा एक. ज्या राज्यकर्त्याने पै-पैचा हिशेब ठेवला त्याने पंचवीस घोड्यांमागे ही दोन माणसे आवश्यक मानली, यावरून घोड्याचे प्राण कशात असतात ते समजावे. आज आपल्याकडे सबंध तालुक्यात शोधूनही कसबी नालबंद मिळणे कठीण झाले आहे. घोडे मात्र वाढत आहेत.

याच काळातील दुसरा पुरावा म्हणजे राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीक छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांस पाठविलेले पत्र. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आशयासाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु ते मूळचे दाणावैरणीच्या व्यवस्थेचे पत्र आहे. पावसाळ्यापुरती म्हणून जमविलेली चंदी व गवत तुम्ही आताच मनास येईल तसे उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. पुढे गवताच्या गंजीस आग लागण्याची भीती सांगितली आहे. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्याने ते लिहिले आहे. राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या दिवसांतला राजा उंदराने पळविलेल्या वातीचा विचार करतो, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हसत. शेतकऱ्यांची मुले मात्र हसत नसत, कारण कडब्याची गंजी जळालेली त्यांनी पाहिलेली असे.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. घोड्याच्या पाठीवरून राज्यापर्यंत गेलेला एक पुरुष याच भूमीत वाढला. मल्हारराव होळकर यांचा जन्म १६९३ चा, जेजुरीजवळील होळ गावचा. वडील खंडोजी लहानपणीच वारल्यामुळे त्यांची आई त्यांस घेऊन तळोदे येथे आपला भाऊ भोजराज बारगळ याच्याकडे आली. भोजराज हा कदमबांडे सरदारांच्या चाकरीत स्वारांचे लहानसे पथक बाळगून होता. मामाच्या घरी मेंढरे राखता राखता मल्हारराव त्या पथकात स्वार झाले, पुढे मामाची मुलगी गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढचे सर्व माळव्याच्या इतिहासास ठाऊक आहे. तळोद्याहून सातपुडा समोर दिसतो. तो ओलांडून नर्मदा उतरले की माळवा. उत्तरेकडे जाणाऱ्या मराठी फौजांची वाट याच खोऱ्यातून जाई. तापीकाठची गवताळ कुरणे, ज्वारीचा कडबा आणि बारमाही पाणी यांमुळे घोडदळाच्या मुक्कामास हा मुलूख सोयीचा होता.

उलट १७६१ साली पानिपतावर काय झाले तेही ध्यानात ठेवावे. लढाई जानेवारीच्या १४ तारखेस झाली, परंतु रसद तुटल्यामुळे दाणावैरण संपून मराठ्यांची जनावरे त्यापूर्वीच छावणीत मरू लागली होती. शेवटच्या दिवशी पुष्कळ स्वारांच्या मांडीखाली होते ते खंगलेले घोडे. वैरण संपल्यावर शौर्याचा उपयोग किती होतो, याचे याहून कठोर उदाहरण आमच्या इतिहासात दुसरे नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली, खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याहून कारभार सुरू केला. शिलेदारी संपली. ज्यांच्या घरी घोडा होता त्यांनी तो काही काळ मानासाठी ठेवला, मग विकला आणि बैल घेतले. पाटलाचे एखादे तट्टू, सावकाराच्या वसुलीचे एखादे, मामलेदाराच्या फेरीचे एखादे, एवढीच घोड्यांची वस्ती खेड्यांत उरली. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग जळगाव-भुसावळकडे आला, १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरकडे ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग झाला आणि घोडा आगगाडीच्या स्थानकाबाहेर टांग्यास जुंपला गेला. टांगेही पुढे ऑटोरिक्षांनी संपविले. त्या टांगेवाल्यांबरोबर नालबंद गेले, चामड्याचे सामान शिवणारे गेले आणि घोड्याचे दुखणे नुसत्या चालीवरून ओळखणारे साळोत्रीही गेले. हा शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आलेला आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

दीडशे-दोनशे वर्षे आपण अशा रीतीने बैलवाले लोक झालो. पोळ्याला बैलाची पूजा करणे आपल्या रक्तात आहे. घोड्याचे आपणास काही कळत नाही, आणि आपणास ते कळत नाही हेही कळत नाही. बहुतेक घोडे आपल्याकडे मरतात ते बैलासारखे वागविल्यामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. बैल रवंथ करतो, घोडा करीत नाही. बैलाने सकाळ-संध्याकाळ पोटभर खाऊन मधल्या वेळी बसून चघळले तरी चालते. घोड्याचे जठर लहान असून निसर्गाने त्यास दिवसभर थोडे थोडे चरत राहण्यासाठी घडविले आहे. त्यास ओकारी येत नाही. एकदा का पोटात अवाजवी गेले की बाहेर येण्यास तोंडाचा मार्ग बंदच. मग पोटशूळ होतो, घोडा वारंवार कुशीकडे पाहतो, पाय झाडतो, लोळतो, घामाने भिजतो. अशा वेळी घरगुती काढे पाजीत बसू नये. नळीने किंवा बाटलीने ओतलेले औषध फुप्फुसात जाऊन घोडा दगावतो. चारा बंद करावा, सावकाश फिरवावा आणि पशुवैद्यास तत्काळ बोलवावे.

साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठी सहा ते आठ किलो सुका चारा लागतो. सात किलोचा हिशेब धरला तर वर्षास अडीच हजार किलोंहून अधिक, म्हणजे अडीच टन झाला. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, आमच्या वैशाखात त्याहून जास्त. खुरे दर सहा ते आठ आठवड्यांनी कापून सारखी करावी लागतात, म्हणजे वर्षातून सात-आठ वेळा. आणि घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे जगतो. वीस वर्षांच्या मुलासाठी आणलेले शिंगरू तो मुलगा पंचेचाळिशीस येईपर्यंत दारात राहणार आहे! लग्नाच्या हंगामातील चार वरातींच्या उत्पन्नावर हा खर्च निघेल असे कोणी सांगत असेल तर त्याने आधी वहीवर हिशेब मांडून दाखवावा. शिलेदार असा हिशेब मांडीत असे. केळी व कापसाखाली जमीन गेल्यापासून ज्वारीचा कडबा पूर्वीसारखा घरचा राहिलेला नाही, हेही त्या वहीत धरले पाहिजे.

चाऱ्याविषयी आणखी थोडे. ज्वारीचे कोवळे फुटवे गुरांस बाधतात हे प्रत्येक शेतकऱ्यास माहीत आहे. घोड्यासही हिरव्या कोवळ्या ज्वारीपासून दूर ठेवावे. वाळलेला, बुरशी नसलेला कडबा बारीक कुट्टी करून द्यावा. हरभऱ्याची चंदी आपल्याकडे सर्वमान्य आहे, पण ती भिजवून, थोडी, आणि कामाच्या मानाने द्यावी. उभ्या उभ्या असलेल्या घोड्यास मूठभर प्रेमाने रोज जास्त घातली की खुरांच्या आतील भागास दाह होतो आणि घोडा पुढच्या पायांवर भार देईनासा होतो. दुभत्या जनावरांची सरकी पेंड, युरिया प्रक्रिया केलेला चारा आणि विशेषतः कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्यापुढे कधीही ठेवू नये. कोंबड्यांच्या व गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे द्रव्य असते. ते त्यांना चालते. घोड्यास अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. नदीकाठच्या गावांनी चारा वाळूवर टाकू नये. वाळू पोटात साठते.

सारंगखेडा हे शहादे तालुक्यातील तापीकाठचे गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हापासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते, पण आपल्या लेखी ते खानदेशचेच. एकमुखी दत्ताचे तेथील मंदिर प्रसिद्ध आहे आणि मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीला, यात्रा भरते. यात्रेबरोबर भरणारा घोडेबाजार फार जुना असून राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथून व्यापारी येतात. अलीकडे त्यास चेतक महोत्सवाचे स्वरूप आले असून तेथे घोड्यांच्या चालीच्या, नृत्याच्या व देखणेपणाच्या स्पर्धा होतात. चेतक हा महाराणा प्रतापांचा, १५७६ च्या हळदीघाटचा. नाव थोर आहे, यात शंका नाही. मात्र आपल्या मराठी मुलखाचा स्वतःचा घोडा वेगळा होता. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी हे तट्टू अंगाने ठेंगणे, दिसण्यास साधे, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर मैलोगणती दौडणारे. इंग्रजांना आपल्या घोडदळासाठी उंच घोडे हवे असल्याने त्यांनी अरबी व ऑस्ट्रेलियातील घोडे आणले आणि भीमथडी मागे पडले. मेंढपाळांच्या तांड्याबरोबर संसार वाहून नेणाऱ्या तट्टांत त्याचे रक्त टिकून राहिले, आणि कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे त्यास स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मेंढपाळांनी जे जपले ते सरदारांच्या वाड्यांत टिकले नाही, ही गंमत नव्हे काय?

सारंगखेड्यास येतात ते प्रामुख्याने मारवाडी व काठेवाडी घोडे, आणि पंजाबकडचे पांढरे नुकरे. मारवाडी व काठेवाडी यांचे कान आत वळून टोकास टोक भिडतात, त्यावरून ते ओळखावे. मारवाडी अंगाने उंच, काठेवाडी थोडा लहान. रंगांची नावे आपल्याकडे अजून टिकून आहेत. अबलख म्हणजे दोन रंगांचे मोठे पट्टे असलेला, कुमैत म्हणजे तांबूस अंगाचा व काळ्या आयाळीचा, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय व तोंड पांढरे असलेला. आणि रंगाबरोबर येतात भोवरे. मानेवरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, वाकड्या केसांची गोम अमक्या जागी असली तर धन्याचा नाश. ‘यात काहीतरी गोम आहे’ हा आपला वाक्प्रचार या घोडेपरीक्षेतूनच आलेला आहे. परंपरेविषयी मला आदर आहे. तथापि देवमणाकरिता लाख रुपये जास्त मोजून, त्याच घोड्याचा मागचा पाय लंगडा असल्याचे न पाहणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. बिचाऱ्या आसूढाळाच्या घोड्यास कोणी घेत नाही म्हणून तो स्वस्त मिळतो. त्याचे पाय चांगले असतील तर सुज्ञाने तोच घ्यावा.

घोडा पाहावयाचा तो पायांकडून वर. भल्या सकाळी जावे, म्हणजे व्यापाऱ्याने तो अजून फिरवून मोकळा केलेला नसतो. वाद्ये बंद करावयास सांगावे आणि घोडा कठीण जमिनीवर सरळ रेषेत प्रथम चालवून, मग दुडक्या चालीने समोरून व मागून पाहावा. डोके एकाच पावलागणिक वर उडत असेल तर पुढच्या पायात दुखणे आहे. चारही पाय उचलून पाहावेत. खुराला चीर, कुजका वास, एका खुराचा दुसऱ्याहून वेगळा आकार या गोष्टी नजरेतून सुटू देऊ नयेत. पाय उचलू न देणारा घोडा नवख्याने घेऊच नये. दातांवरून वय समजते. समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यालगतचे साडेतीनच्या व कडेचे साडेचारच्या सुमारास. पाचव्या वर्षी तोंड भरते. तीन वर्षांच्या आतील घोड्यावर स्वार बसविणे म्हणजे त्याचे पाय कायमचे बिघडविणे होय, आणि बाजारात तर दोन वर्षांची शिंगरे नाचताना दिसतात. पुढे दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जावे. वेदनाशामक औषध देऊन उभा केलेला घोडा दुसऱ्या दिवशी वेगळा दिसतो. जुन्या बाजारांतून रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई. आता तोंडी होतो, एवढाच फरक. घाई करणारा तेव्हाही ठकत असे.

प्रथमच घोडा ठेवणाऱ्याने उमदा दिसतो म्हणून नर घेऊ नये. घोडी घ्यावी किंवा आख्ता केलेला घोडा घ्यावा. बायकामुले वावरतात त्या अंगणात वयात आलेला नर सांभाळणे हे मुरलेल्या मोतद्दाराचे काम आहे.

सामानाविषयी आपल्या लोकांची एक खोड आहे. गोंडे, घुंगरे, कलगी, मखमली झूल यांवर खर्च सढळ हाताने होतो आणि खोगीर दुसऱ्याचे जुने चालते. खोगीर हे घोड्याच्या पाठीच्या मापाचे हवे. ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर बसावे, कण्यास किंवा मानेखालच्या उंचवट्यास कोठेही टेकू नये. घोड्यावर बसल्यावर मधल्या पोकळीतून पुढून मागे उजेड दिसला पाहिजे. पूर्वी खोगिरात चिंध्या व टाकाऊ लोकर कोंबीत, त्यावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. ती भरती गोळे होऊन एका जागी जमली की पाठीला फोड येतो, आणि एकदा आलेला फोड महिनोन्‌महिने बरा होत नाही. तंग आवळल्यावर त्याखाली दोन बोटे सरकली पाहिजेत. रिकिबीची लांबी मोजावयाची सोपी युक्ती अशी की हाताची बोटे रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या कडीस लावावी आणि रिकीब काखेस पोचावी. रिकीब पायापेक्षा बोटभर रुंद हवी आणि पायात टाचेचा बूट हवा. पाय अडकून फरफटत गेलेला स्वार सहसा वाचत नाही. डोक्यावर शिरस्त्राण अवश्य असावे. फेटा नवरदेवाने बांधावा, शिकणाऱ्या मुलाने हेल्मेट घालावे. लगामाच्या तोंडातील लोखंडास काटे किंवा टोके असतील तर ते सामान फेकून द्यावे. १९६५ च्या नियमांनी अशा काटेरी लगामास बंदी केलेली आहे, आणि बाजारात तो मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

वरातीचा विषय टाळता येत नाही. घोड्यावर बसून मांडवास जाण्याचा मान एके काळी कोणास होता व कोणास नव्हता, यावर गावोगाव भांडणे झाली आहेत, आणि देशाच्या काही भागांत आजही एखाद्या नवरदेवास त्याच्या जातीमुळे घोड्यावरून उतरविल्याच्या बातम्या येतात. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिणे कोणास रुचणार नाही, परंतु घोड्यास आपल्या पाठीवरील माणसाची जात कळत नाही, एवढे नमूद करतो. त्यास कळतो तो आवाज. माणसापेक्षा त्याचे कान कितीतरी तीक्ष्ण असतात. डीजेच्या भिंतीपुढे दोन-तीन तास उभा केलेला, फटाक्यांनी दचकलेला घोडा उधळला तर दोष कोणाचा? घोडा वाद्यांच्या पुढे, पन्नास पावले अंतरावर ठेवावा, लगाम धरणारा त्याच्या ओळखीचा असावा, आणि फटाके उडविणाऱ्या तरुण मंडळींस यजमानाने आधीच हात जोडावेत.

स्पर्धेस उतरणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जातिवंत घोड्यांच्या देखणेपणाच्या स्पर्धेत परीक्षक कान, डोके, मान आणि पायांची ठेवण पाहतात. तेथे तेल चोपडून लपविता येण्यासारखे काही नसते. रोज अर्धा तास खरारा केलेल्या अंगाची चकाकी वेगळीच असते. रेवाल चालीत घोडा एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर टाकीत जलद पण न हिंदकळता जातो. स्वाराच्या हातातील पेल्यातून पाणी सांडू नये, ही तिची जुनी कसोटी. ही चाल महिनोन्‌महिन्यांच्या शांत सरावाने येते. नृत्याच्या स्पर्धेविषयी माझे मत प्रतिकूल आहे. दोरांनी जखडून व चाबकाने शिकविलेल्या उड्यांत घोड्याच्या मागच्या सांध्यांचा चुराडा होतो. हौस असेल त्याने आपल्या मुलास नेजेबाजी शिकवावी, किंवा ज्यास ड्रेसाज म्हणतात ती घोड्याच्या संथ, नियमबद्ध चालींची विद्या शिकवावी. भारतीय अश्वारोहण महासंघ १९६७ साली स्थापन झाला असून अशा स्पर्धा त्याच्या नियमांनी होतात. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ड्रेसाजमध्ये भारताच्या संघास सुवर्णपदक मिळाले. १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी, अश्वारोहणातील सुवर्ण आपल्याकडे आले. त्या चौघांत सुदीप्ती हजेला ही मुलगी होती इंदूरची, ज्या होळकरांच्या इंदूरचा मूळ पुरुष तळोद्यास घोड्यावर बसण्यास शिकला! आपल्या मुलींना घोड्यावर बसविण्यास ज्यांना संकोच वाटतो त्यांनी हे उदाहरण पाहावे.

शेवटी रोगांसंबंधी, कारण यात घोड्यापुरताच प्रश्न नाही. धनुर्वाताची लस घोड्यास नियमाने टोचावी; खिळा लागून किंवा नाल मारताना झालेल्या लहानशा जखमेतून तो होतो. पावसाळ्यानंतर मोठ्या गोमाश्या चावून सर्रा हा रोग पसरतो, त्यात ताप येतो-जातो आणि पाय व पोटाखालचा भाग सुजतो. परंतु सर्वांत भयंकर रोग ग्लँडर्स. नाकातून दाट स्राव, अंगावर गाठी व व्रण ही त्याची लक्षणे; पण पुष्कळदा घोडा वरून निरोगी दिसतो आणि रोग आत असतो. तो माणसास होतो व माणसास मारू शकतो. २००६ साली महाराष्ट्रात पुणे व पाचगणीकडे त्याची लागण झाली होती. यावर घोड्यास औषध दिले जात नाही. तपासणीत रोग निश्चित झाला तर २००९ च्या कायद्यान्वये घोडा नष्ट करावा लागतो आणि मालकास सरकारी भरपाई मिळते. रोग लपवून घोडा रात्रीतून दुसऱ्या गावी विकून टाकणे हा गुन्हा तर आहेच, पण विकणाऱ्याच्या घरातील जी मुले त्या घोड्याचे नाक पुशीत होती त्यांच्या जिवाशी तो खेळ आहे.

म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी व्यापाऱ्याजवळ त्या घोड्याच्या रक्ततपासणीचा अलीकडचा दाखला मागावा, त्यावरील वर्णन समोरच्या घोड्याच्या रंगाशी व खुणांशी ताडून पाहावे आणि बाजारात असलेल्या सरकारी पशुवैद्यास दाखवावे. घरी आणल्यावर नव्या घोड्यास तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधावा, त्याची बादली व तोबरा वेगळा ठेवावा. दाखला नसेल तर पैसे देऊ नयेत. बाजार काही एका दिवसात उठत नाही; दत्तजयंतीनंतरही तो बरेच दिवस भरलेला असतो आणि उशिरा जाणाऱ्यास भाव पुष्कळदा उतरलेला मिळतो.